वरच्या गल्लीचं पाणी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. लोणंदच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. जिथे जे चुकलं असेल त्याची आधीच माफी मागते. हे कुणी वाचेल असं नाही, वाचू नये असंच वाटतं. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, आणि लिहिताना तेवढी पडत नाही.

भादवा लागला आहे. काल दुपारपासून झड बसली आहे. रस्त्याचं पाणी कडेच्या नव्या गटारीत जाळीवरून पडतं आणि निमूट खाली निघून जातं. वास कसला नाही. तरी सकाळपासून माझा हात दोनदा पदराकडे आणि पदर नाकाकडे गेला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाटेवरून म्हणाल्या, "तुला गं कशाचा वास येतोय? नाक तर माझं गळतंया." मी नुसती हसले. हा वास आजचा नाही. तो मागच्या एका भादव्यातला आहे आणि पाऊस लागून राहिला की येतो. घर पुसून जात नाही, खिडक्या उघडून जात नाही.

आमचं गाव तासगावच्या वाटेवर आहे. गल्ली उताराची. वरच्या अंगाला आम्ही, खाली पेठ, पेठेच्या खाली ओढा. जमिनीखालून जाणारी गटार संस्थानच्या काळातली, भाजक्या मातीच्या नळांची. ती कुठून वळते, कुठे तुंबते हे कुणाला धड माहीत नव्हतं. जाते, एवढं माहीत होतं. वरचा रस्ता मात्र सारखा नवा व्हायचा. जुन्या काँक्रिटवर नवं काँक्रिट. मी लग्न होऊन आले तेव्हा दारातून रस्त्यावर उतरायला पायऱ्या होत्या. आधी पायऱ्या गेल्या. मग रस्ता उंबऱ्याला लागला. मग उंबराच रस्त्याच्या खाली गेला, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी चपला न काढता सरळ घरात यायला लागलं.

त्यावर आम्ही बायकांनी आमचा उपाय काढला होता. आमच्या दारासमोरच गटारीचं चेंबर होतं, चौकोनी तोंड आणि त्यावर बिडाचं जड झाकण. पाणी चढायला लागलं की शेजारच्या शोभावैनी पहार घेऊन बाहेर यायच्या आणि हाक मारायच्या, "या गं बायांनो, बूच काढूया!" खाचेत पहार घालायची, दोघी-तिघींनी जोर लावायचा, झाकण खरडत बाजूला सरकायचं. मग साड्या खोचून खराट्यांनी पाणी त्या तोंडाकडे लोटायचं. ते गोल फिरत, गडगडत आत जायचं. बघता बघता रस्ता उघडा पडायचा.

खरं सांगते, तो आवाज मला आवडायचा. मला माणसांत मिसळता येत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी भिंतीला टेकून बसते आणि कुणी काही विचारू नये म्हणून वाटीतला तिळगूळ सावकाश खाते. पण त्या पावसात, हातात खराटा असला की मला काही बोलावं लागत नसे आणि तरी मी सगळ्यांमधली एक असे. शोभावैनी माझ्या अंगावर पाणी उडवायच्या, मी त्यांच्यावर उडवायची. भिजून गारठून मग कुणाच्या तरी घरी चहा. वर्षभरात मला मोकळं वाटायचं ते तेवढंच. पाणी जातं कुठे, हे आम्हांपैकी एकीनेही कधी विचारलं नाही. खाली जातं, अजून कुठे जाणार?

पाण्याबरोबर काड्याही जायच्या. आमच्या वरच्या गल्लीत घरोघरी बेदाणे निवडायचं काम चालतं. व्यापाऱ्याच्या माणसाने पेट्या आणून टाकायच्या, आम्ही ओसरीवर ताडपत्री अंथरून निवडायचे. पिवळा वेगळा, काळपट वेगळा, फुटका वेगळा. प्रत्येक बेदाण्याच्या बुडाला एक बारीक काडी असते, ती खुडायची. दिवसभरात या काड्यांचा ढीग होतो. उन्हाळ्यात त्या वाऱ्याने उडून जातात. पावसाळ्यात ओल्या होऊन ओसरीला चिकटतात, खराट्याला दाद देत नाहीत. म्हणून झाकण उघडलं की आम्ही त्याही लोटून द्यायचो. बादलीभर पाणी मारलं की ओसरी आरशासारखी. माझी ओसरी सगळ्यांत स्वच्छ असते असं शोभावैनी म्हणायच्या, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

खाली, पेठेच्या तोंडाला, हमीदाभाभींचं घर. पुढे दुकान, मागे राहायची खोली. त्या गाद्या आणि रजया करतात. नवरा गेल्यापासून पिंजायचं मशीन त्याच चालवतात, कापसाचे बारीक तंतू त्यांच्या भुवयांवर बसलेले असतात, त्यामुळे त्या वयापेक्षा म्हाताऱ्या दिसतात आणि तोंड धुतलं की एकदम तरुण. सकाळी बेदाणे निवडून झाले की दुपारी मी त्यांच्याकडे रजयांना दोरे घालायला जायची, अजूनही जाते. त्यांच्याकडे बोलावं लागत नाही. त्याच बोलतात. लग्नाच्या रजईला कसा दोरा लागतो, नवरीच्या आईला कसं फसवता येत नाही, कापूस किती महागला. मध्येच म्हणतील, "सुमन, तू हाईस का गेलीस गं? आवाज दे की जरा." मी म्हणायची, "हाय भाभी." तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

त्या भादव्यात पाऊस असाच लागला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही झाकण उघडलं, पाणी लोटलं, चहा घेतला. सकाळी उजाडताना भाभींची मुलगी धावत आमच्याकडे आली. मी तिच्याबरोबर खाली गेले.

गटार त्यांच्या मोरीतून वर आली होती. खोलीभर घोट्याएवढं काळं पाणी, आणि त्याचं काय वर्णन करायचं. सगळ्या गावाचं होतं ते. एका लग्नाच्या ऑर्डरच्या रजया फळीवर होत्या त्या वाचल्या. खाली गठ्ठे होते ते गेले. कापूस पाणी पितो तसा वासही पितो. भाभी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून दारात उभ्या होत्या आणि एकेक गठ्ठा ओढून बाहेर टाकत होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "नाकाला बांध काहीतरी, मग आत ये."

मी फिनेल घेऊन आत गेले. पाणी उपसलं, मोरी खरवडली. पाणी उतरल्यावर फरशीवर एक साय राहिली होती आणि त्या सायीत सगळीकडे बारीक काड्या होत्या. मी फडकं फिरवलं, त्या फडक्याला चिकटल्या. पिळल्यावर बोटांना. रोज सकाळी मी त्याच बोटांनी त्या खुडत होते. दुसरं काही असू शकलं असतं का, असं मी खूपदा मनाला विचारलं. नसतंच. खालच्या गल्लीत कुणी बेदाणे निवडत नाही.

मी फरशी पुसत राहिले. भाभी माझ्या शेजारी बसून पुसत होत्या.

दुपारी नगरपालिकेचा फिटर आला. त्याला सगळे तात्या म्हणतात. त्याने भाभींच्या दारातल्या चेंबरमध्ये बांबूच्या लांब पट्ट्या घातल्या, पुढेमागे केल्या, आणि शेवटी एक गोळा ओढून काढला. सुगरणीच्या खोप्यासारखा विणलेला, काळा, गळणारा. तोपर्यंत वरच्या गल्लीतल्याही बायका जमल्या होत्या. शोभावैनी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बघा, कापूसच हाय! मी म्हनतच हुते. ह्यांचं मशीन रातंदिस चालतंय, जानार कुठं त्यो?"

भाभी म्हणाल्या, "वैनी, मी कापूस गटारीत टाकत न्हाई. कापसाला पैसं पडत्यात. मातीत पडलेला बी मी येचून घेते."

"मग ह्यो काय आबाळातनं पडला व्हय?"

तात्या घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "काय का असंना बाय, निघालं न्हवं? पर म्होरं अजून अडकलंय. सांगलीची प्रेशरची गाडी बोलवाय पायजे. त्येचा खर्च कोन देनार ते बोला."

सगळ्यांनी भाभींकडे बघितलं. मी गोळ्याच्या सगळ्यांत जवळ उभी होते. त्यात कापसाचे धागे होते, केस होते, पण तो बांधून ठेवला होता काड्यांनी, घरट्याला काटक्यांनी बांधावं तसा. मला सांगता आलं असतं. चार शब्द होते. मी पायाकडे बघत राहिले. भाभींनी भिशी उचलायची ठेवली होती, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. ती त्यांनी उचलली आणि गाडीचे पैसे भरले. मुलीची फी त्या वर्षी राहिली.

मला कधीकधी वाटतं, लाजरी आहे म्हणून गप्प बसले असं म्हणणं सोपं आहे. लोक मला गरीब म्हणतात, गाय म्हणतात. पण त्या दिवशी मी हिशेब केला होता. काड्या म्हटलं तर वरच्या गल्लीचं नाव येणार, व्यापारी घरी पेट्या टाकायचा बंद करणार, शोभावैनी मला पुन्हा कधी हाक मारणार नाहीत. एवढं सगळं मला उभ्या उभ्या सुचलं. ज्या बाईला इतकं सुचतं ती गाय नसते.

त्याच्याही पुढचं लिहायचं आहे. गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, नगरसेवकाकडे जायचं आणि पिंजायचं मशीन पेठेतून हलवायला सांगायचं. मला बोलवायला आल्या. मी गेले. सगळ्यांच्या मागे उभी राहिले, बोलले काही नाही, पण मोजायला बसलं तर एक डोकं माझंही होतं. नगरसेवक मोबाईलवर बोलत बोलत म्हणाला, "करतो, करतो, पावसाळा सरू दे." भाभींच्या दुकानाच्या दारावरूनच परतीची वाट होती. मशीन चालू होतं. मी पलीकडच्या बाजूने चालले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे दोरे घालायला जाऊन बसले. त्यांनी चहा दिला, मी प्याले. हे मला फार जड जातं.

पुढच्या जोराच्या पावसाला संध्याकाळी पुन्हा पाणी चढलं. शोभावैनींची हाक आली, "चला गं, बूच काढूया!" मी खराटा घेऊन बाहेर आले. बाकीच्या पदर खोचत येत होत्या. आणि मला काय झालं माहीत नाही, मी खराटा टाकला आणि त्या झाकणावर मांडी घालून बसले. पावसात, रस्त्याच्या मधोमध, कंबरेपर्यंत साडी पाण्यात.

शोभावैनी पहार घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "अगं ऊठ की! काय झालं? पाय मुरगाळला का काय?"

मी मान हलवली.

"मग? देवी आली का अंगात?"

बायका हसल्या. मी बसूनच होते. आतून आत्याबाई ओरडायला लागल्या, "सुमन! आगं माझी चप्पल निघाली बाजाराला! पानी खाटंला लागलं! कुठं उलथलीस?" त्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि पाण्यात तांब्या, पाट, चप्पल सगळं फिरत होतं. माझंच घर सगळ्यांत आधी भरत होतं.

"कापूस न्हवता त्यो," मी म्हणाले. आवाज आला नाही. पुन्हा म्हणाले, तेव्हा जरा जास्तच मोठा आला. "कापूस न्हवता. काड्या हुत्या. आपल्या. मी बघितल्यात. हितनं घातलेलं समदं भाभींच्या घरात निघतंया. मी न्हाई उठनार."

पावसाचा आवाज होता म्हणून बरं. शोभावैनींनी पहार खाली टेकवली. "मग तवा तुझी जीभ काय बेदाणे निवडत हुती का गं?" त्यांनी विचारलं. "नगरसेवकाकडं तर आलीस की आमच्या मागनं. तवा न्हाई आठवल्या काड्या?"

त्या चिडून बोलल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. एकेक बाई आपापल्या घरात पाणी उपसायला गेली. शोभावैनींनी घराच्या उंबऱ्यात पोती टाकली. मी अंधार पडेपर्यंत बसले. कुणी चहाला बोलावलं नाही. त्या दिवसापासून माझी ओसरी स्वच्छ आहे असंही कुणी म्हटलं नाही.

मला वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

पुढचं सगळ्या गावाने बघितलं. त्या पावसाळ्यात गटार आणखीही ठिकाणी वर आली, तेव्हा कुठे नगरपालिका हलली. एक गाडी आली, तिच्यात टीव्ही, आणि चाकावरचा छोटा कॅमेरा दोरीला बांधून त्यांनी चेंबरमध्ये सोडला. आम्ही बायका नाकाला पदर लावून त्या टीव्हीपुढे उभ्या, सिनेमा बघावा तशा. आतला नळ दिसत होता, झाडांची मुळं केसांसारखी लोंबत होती. भाभींच्या घराच्या वरच्या अंगाला नळाचा एक सांधा खचलेला, आणि त्या पायरीवर काड्यांचा बांध. कॅमेरा तिथेच अडला. कुणीतरी म्हणालं, "चिमणीनं घरटं केलंया जनू." थोड्या वेळाने शोभावैनी पदर सावरून घरी गेल्या.

उन्हाळ्यात रस्ता खोदला. काँक्रिटचे थर एकावर एक निघाले, पोळ्यांची चवड असावी तसे, आणि सगळ्यांत खाली माझ्या लग्नातला रस्ता. जुने मातीचे नळ फुटके निघाले, त्यांचे तुकडे कडेला रचले होते, आतून काळे आणि बाहेरून लाल. मोठे नवे पाईप टाकले, पावसाच्या पाण्याला कडेने वेगळी गटार केली, चेंबरची झाकणं बोल्टने बसवली. आता पहार लावूनही ती उघडत नाहीत. रस्ताही उतरवला. माझ्या दाराला एक पायरी परत मिळाली. काड्या आता आम्ही पोत्यात भरतो. ज्यांच्याकडे चूल आहे त्या सरपणाला नेतात. मशीन पेठेत आहे तिथेच आहे. व्यापाऱ्याच्या पेट्याही बंद झाल्या नाहीत. ज्याची भीती वाटून मी गप्प बसले, त्यातलं काही झालंच नाही.

गाडीचे पैसे गल्लीने मिळून भाभींना द्यावेत असं मी एकदा शोभावैनींना म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "गटार नगरपालिकेची. त्यांनी द्यावं." मग मी एकटीच देते म्हटलं, तर यजमान म्हणाले, "तू एकटीनं झाकन उघडत हुतीस का? मग एकटीनं कशाला?" त्यांचंही बरोबर होतं. पण एकटीने गप्प बसले होते.

मी भाभींना म्हणाले, माझ्या मजुरीतून कापून घ्या. त्या ऐकेनात. "मजुरी ती मजुरी. कापलेली मजुरी मी कुनाला देत न्हाई." मग असं चालू झालं, की शनिवारी त्या मला पूर्ण मजुरी हातात द्यायच्या, आणि त्याच सतरंजीवर बसून मी त्यातले थोडे त्यांना परत द्यायची. त्या घ्यायच्या. नको म्हणाल्या नाहीत एकदाही. नको म्हणतील असं पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं, आणि म्हणाल्या नाहीत तेव्हा क्षणभर राग आला होता, हेही लिहून ठेवते. मधे यजमानांचं दुखणं आलं, काही शनिवार रिकामे गेले. मुलीने एक वर्ष उशिरा कोर्सला नाव घातलं. आता ती मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. त्या एका वर्षाचं काय करायचं ते मला कळत नाही, ते शनिवारी देता येत नाही.

काल शेवटचे पैसे दिले. बाहेर पाऊस होता, मशीन बंद होतं. भाभींनी नोटा मोजल्या आणि डब्यात ठेवल्या. मला कुठून धीर आला, मी विचारलं, "भाभी, काड्या हुत्या ह्ये तुमाला कवा कळलं?"

"त्याच सकाळी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अगं, माझा सगळा जनम कापसात गेला. कापूस नसलेलं काय हाय ते मला दिसणार न्हाई व्हय?"

"मग तुमी तात्यापुढं बोलला का न्हाई?"

"मी बोलले असते तर कोन ऐकनार हुतं? पिंजारीन आपला कापूस झाकतीया म्हनले असते. तुझं ऐकलं असतं." त्यांनी रजईची कड हाताने सपाट केली. "तू माझ्या शेजारी बसून फरशी पुसत हुतीस. म्हटलं, आता बोलंल. पुसून झाल्यावर बोलंल. मग बायका नगरसेवकाकडं निघाल्या, त्यात तू दिसलीस. तवा वाट बघायचं सोडलं."

"मी पलीकडनं गेले," मी म्हणाले.

"व्हय. पलीकडनं गेलीस म्हनून तर दिसलीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. कापसाचा भाव सांगतात त्याच आवाजात त्या बोलल्या. मग सुट्टीला घरी आलेल्या मुलीला आतून चहा आणायला सांगितला आणि सुई उजेडाकडे धरून दोरा ओवायला लागल्या. दोरा ओवायला त्यांना आता वेळ लागतो. आणखी काही म्हणतील म्हणून मी बसून राहिले. चहा आला, मी प्याले. रजईची माझी बाजू ओढून घेतली आणि टाका घालायला घेतला.

"तुझं फिटलं गं सगळं," त्या सुईकडे बघतच म्हणाल्या. "एक पैसा राहिला न्हाई."

"व्हय भाभी," मी म्हणाले.